पंधरा जूनची रात्र

१४ जून २०२२. रात्रीचे पावणेबारा झालेले आणि न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनच्या घरात कोणीच झोपलेलं नाही. लेकीचा फोन डायनिंग टेबलवर उताणा ठेवलेला, शंभर टक्के चार्ज, आणि त्याच्याभोवती आम्ही तिघं बसलेलो, बोर्डाचा रिझल्ट लागायच्या आदल्या रात्री बसतात तसे. बारा वाजून एक मिनिटाने तिच्या पोहण्याच्या टीममधल्या एका मुलीचा मेसेज आला की तिला तीन कॉलेजांच्या कोचचे टेक्स्ट आलेत. मग दुसरीचा आला, तिला पाच. आमचा फोन मात्र गप्प. साडेबाराला लेक उठली, फोन उचलला आणि म्हणाली, "आई, तू झोप, मला पाचला उठायचंय." सकाळी मी खाली आले तेव्हा ती प्रॅक्टिसला निघून गेली होती, सिंकमध्ये अर्धं खाल्लेलं केळं होतं.

इथे अमेरिकेत पोहणाऱ्या, धावणाऱ्या, टेनिस खेळणाऱ्या मुलांच्या घरात ही तारीख पाठ असते. मूल सोफोमोर म्हणजे दहावीचं वर्ष संपवतं, त्यानंतरच्या १५ जूनपासून डिव्हिजन १ च्या, म्हणजे खेळात सगळ्यात वरच्या गटातल्या कॉलेजांचे कोच त्याला स्वतःहून फोन, टेक्स्ट, मेल करू शकतात, त्याआधी एनसीएएच्या (कॉलेजांमधले खेळ चालवणाऱ्या संस्थेच्या) नियमाने नाही करता येत. (सगळ्या खेळांना हीच तारीख नाही हं. लॅक्रोस आणि सॉफ्टबॉलला अकरावीतला १ सप्टेंबर, फुटबॉल-बास्केटबॉलचं गणितच वेगळं, त्यामुळे आपल्या खेळाचं कॅलेंडर एनसीएएच्या साइटवर स्वतः बघायचं, मैत्रिणीच्या मुलाच्या अनुभवावर जायचं नाही.) पण या नियमाची एक बाजू आम्हाला कोणी सांगितलीच नव्हती. बंधन कोचवर आहे, मुलावर नाही. मूल नववीत असतानाही मेल लिहू शकतं. कोच उत्तर देऊ शकत नाही, पण वाचतो, नाव टिपून ठेवतो, टाइम सुधारतोय का ते बघत राहतो. ज्या मुलींना बारा वाजून एक मिनिटाने मेसेज आले त्यांनी वर्षभर आधीपासून लिहिलं होतं.

तसं लिहिलं आम्हीही होतं. म्हणजे मी लिहिलं होतं, आणि आज हे सगळं टाइप करायला बसण्याचं कारण तेच आहे.

एप्रिलमध्ये मी लेकीच्या अकाउंटवरून १४ कोचना मेल पाठवले. आपल्या पिढीला अर्ज लिहायचं एक वळण आहे ना, शाळेत शिकवलेलं, तसे ते मेल होते. पहिल्या परिच्छेदात कुटुंब, मग तिचा जीपीए म्हणजे मार्कांची सरासरी, मग कथ्थक, मग लायब्ररीत केलेलं व्हॉलंटियरिंग, तिची शिस्त, तिची जिद्द. एकाचंही उत्तर आलं नाही, १५ जूननंतरही नाही. शेवटी तिच्या क्लबच्या कोचला मी ते मेल दाखवले. वीस वर्षं पूलच्या काठावर उभा राहिलेला माणूस, त्याने फोनवर खाली खाली स्क्रोल केलं आणि विचारलं, हिचा टाइम कुठे आहे? टाइम होता चौथ्या परिच्छेदात. मग तो शांतपणे म्हणाला की आईने लिहिलेला मेल कोणताही कोच दोन ओळींत ओळखतो, आणि त्याला चार वर्षं आईला नाही, मुलीला शिकवायचं असतं.

मला ते फार लागलं. दोन दिवस मी त्यावर कोणाशी बोलले नाही. पण तो बरोबर होता.

मग लेकीने स्वतः लिहिलं. विषयाच्या ओळीतच ग्रॅज्युएशनचं वर्ष, स्ट्रोक आणि टाइम: २०२४, १०० ब्रेस्ट १:०८.४, २०० ब्रेस्ट २:२८. खाली पाच ओळी. मी अमुक क्लबला पोहते, आठवड्याला इतक्या प्रॅक्टिस, गेल्या वर्षी माझा टाइम हा होता आणि आता हा आहे. तुमच्याकडे न्यूरोसायन्स आहे आणि तुमच्या ब्रेस्टस्ट्रोकच्या मुली दरवर्षी टाइम कमी करतात हे मी निकालांत बघितलं, म्हणून लिहिते आहे. पुढची मीट (स्पर्धा) या तारखेला. सोबत रेसचा व्हिडिओ आणि मार्कशीट. झालं. मला ते इतकं कोरडं वाटलं की "निदान शेवटी आभार तरी मान" असं म्हणाले, तर तिने "थँक यू" एवढं टाकलं आणि पाठवून दिलं. पहिलं उत्तर चाळीस मिनिटांत आलं.

त्या मेलमधलं सगळ्यात किमती वाक्य म्हणजे "मी निकालांत बघितलं" हे, आणि खरी तयारी तिथे आहे. आपल्याकडे कॉलेज म्हटलं की आधी रँकिंगची यादी उघडतात. खेळासाठी दुसरी यादी लागते. प्रत्येक कॉलेज कुठल्या ना कुठल्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात, खेळतं, त्या कॉन्फरन्सची चॅम्पियनशिप पोहण्यात बहुतेक फेब्रुवारीत होते आणि निकाल सगळ्यांना बघायला मिळतात. तिथे बघायचं की आठव्या नंबरवर आलेल्या मुलीचा टाइम काय होता, सोळाव्या नंबरवरचीचा काय होता, कारण पॉइंट फायनलला पोहोचणाऱ्यांनाच मिळतात. तुमच्या मुलीचा आजचा टाइम त्या सोळाव्याच्या आसपास असेल तर कोचला तिच्यात रस असणार, चार सेकंद मागे असेल तर तुमच्या मेलची भाषा कितीही गोड असो, उपयोग नाही. लेकीने एक्सेल शीट केली. कॉलेज, कोच, मेल कधी गेला, उत्तर काय आलं, आठवा टाइम, सोळावा टाइम, आपला टाइम. ४१ ओळींची ती शीट भरायला तिला दोन रविवार लागले, आणि त्यातून जी कॉलेजं वर आली त्यातल्या अर्ध्यांची नावं मी आयुष्यात ऐकली नव्हती.

इथे मला आपल्या मराठी मंडळातल्या आई-बाबांशी जरा मोकळं बोलायचंय. आपल्यात एक समज पक्का बसलाय, खेळात बरा असेल तर फुल स्कॉलरशिप मिळते. इथे हायस्कूलमध्ये खेळणारी मुलं ८० लाखांच्या आसपास आहेत, एनसीएएच्या तिन्ही डिव्हिजन मिळून कॉलेजात खेळणारे ५ लाखांच्या थोडे वर, आणि एनसीएए स्वतःच सांगते की खेळाची स्कॉलरशिप मिळते ती हायस्कूलच्या साधारण २ टक्के खेळाडूंना. त्यातही पूर्ण फी सुटणारे फार थोडे. लेक प्रयत्न करत होती तेव्हा डिव्हिजन १ च्या मुलींच्या पोहण्याच्या टीमला जास्तीत जास्त १४ स्कॉलरशिप देता यायच्या, मुलांच्या टीमला ९.९, आणि त्या पंचवीस-तीस जणांत वाटून टाकायच्या, कोणाला पाव, कोणाला अर्धी, कोणाला नुसतं टीममधलं नाव. आयव्ही लीगमध्ये खेळाची स्कॉलरशिप अजिबात नाही. डिव्हिजन ३ मध्येही नाही. हे सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो, मग उपयोग काय पहाटे पाचला उठून?

उपयोग आहे. एमआयटी डिव्हिजन ३ आहे. जॉन्स हॉपकिन्स, शिकागो युनिव्हर्सिटी, कार्नेगी मेलन, एमरी, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी, ही ज्या नावांसाठी आपण मुलांना सातवीपासून क्लासला घालतो, ती सगळी पोहण्यात डिव्हिजन ३ आहेत. ओहायोत केनियन म्हणून एक छोटंसं कॉलेज आहे, त्यांच्या मुलांच्या टीमने १९८० पासून सलग ३१ वर्षं डिव्हिजन ३ चं पोहण्याचं विजेतेपद जिंकलं. बऱ्याच डी-३ कॉलेजांत अकरावी संपल्यावर उन्हाळ्यात कोच मुलाची मार्कशीट अॅडमिशन ऑफिसला दाखवून घेतो, त्याला प्री-रीड म्हणतात, आणि तिथून होकार आला की अर्लीमध्ये, म्हणजे लवकरच्या फेरीत, अर्ज करणाऱ्या मुलाला कोचचा आधार मिळतो. ती अॅडमिशनची हमी नसते, पण हजारोंच्या ढिगाऱ्यात आपलं नाव ओळखणारा एक माणूस आत आहे ही साधी गोष्ट नाही. पैसे मग मार्कांवरच्या मेरिट स्कॉलरशिपमधून किंवा घरच्या उत्पन्नावरच्या मदतीतून उभे करायचे. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, आपल्याला खरोखर किती भरावे लागतील त्याचा अंदाज देणारा, तो दहावीतच भरून बघा, मूल कोचच्या प्रेमात पडायच्या आधी. एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असलेल्या मुलांना सरकारी मदत लागू होत नाही हेही आधीच धरून चाला, आमच्या ओळखीच्या एका घरात हे बारावीच्या जानेवारीत कळलं आणि त्या घरातली रडारड मी बघितलेली आहे.

कागदांचं पटकन सांगते. डिव्हिजन १ किंवा २ चा विचार असेल तर एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरमध्ये नाव नोंदवायचं आणि १६ कोअर कोर्स पूर्ण करायचे. डिव्हिजन १ साठी ते असे: इंग्लिश ४ वर्षं, मॅथ ३, सायन्स २, या तिन्हीतलं कुठलंही आणखी १, सोशल सायन्स २ आणि इतर ४; डिव्हिजन २ ची वाटणी थोडी वेगळी आहे. डिव्हिजन १ ला या विषयांत किमान २.३ जीपीए लागतो, डिव्हिजन २ ला २.२. डी-१ साठी यातले १० कोर्स बारावी सुरू व्हायच्या आधी झालेले लागतात आणि त्यातले ७ इंग्लिश, मॅथ, सायन्सचे. शाळेत शिकवला जाणारा प्रत्येक कोर्स यात धरला जात नाही, तुमच्या शाळेची मान्य यादी एलिजिबिलिटी सेंटरच्या साइटवर मिळते, ती नववीत बघायची. सॅट या प्रवेश परीक्षेची अट एनसीएएने जानेवारी २०२३ मध्ये काढली, पण कॉलेज स्वतः मागू शकतं.

एका रिक्रूटिंग कंपनीचाही फोन आला होता. मुलीचं फुकट मूल्यमापन करतो म्हणाले, तासभर गोड बोलले, आणि शेवटी काही हजार डॉलरचं पॅकेज काढलं. "तुमच्या मुलीच्या भविष्याची किंमत" असे शब्द होते. नवरा कार्ड आणायला उठला होता. लेकीने मान हलवून नाही म्हटलं. ती कंपनी जे करून देणार होती ते सगळं तिच्या शीटमध्ये आधीच होतं.

मेल जमला, पण फोनचं काय! ही मुलं फोनवर बोलतच नाहीत हो. टेक्स्ट करतील, आवाज पाठवतील, पण समोरून अनोळखी मोठा माणूस बोलतोय म्हटलं की हातपाय गार. पहिल्या कोचचा फोन आला तेव्हा अकरा मिनिटांत लेक सात वेळा "या" (म्हणजे हो) म्हणाली आणि दुसरं जवळजवळ काहीच नाही. मग आम्ही ठरवलं, दर रविवारी पुण्याला आजीला फोन करायचा, व्हिडिओ बंद ठेवून, आणि आजीने प्रश्न विचारायचे. माझी आई ७६ वर्षांची, डेक्कनला वाढलेली, तिच्या लहानपणी मुलगे टिळक टँकवर जायचे आणि तिला कोणी पाठवलं नाही. तिने कोचची प्रश्नावली वगैरे काही बघितली नाही. पहिल्याच रविवारी तिने विचारलं, "का पोहतेस गं तू?"

लेकीने ठरलेलं उत्तर दिलं, शिस्त, फिटनेस, टीमवर्क. आजी म्हणाली, "हे पुस्तकातलं झालं. का पोहतेस?"

तीन रविवार तोच प्रश्न. चौथ्या रविवारी मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते आणि ती तिच्या तोडक्यामोडक्या मराठीत सांगत होती, की ब्रेस्टस्ट्रोकमध्ये किक संपते, हात पुढे जातात, आणि मग एक सेकंदही नसेल, पण तेवढा वेळ काहीच करायचं नसतं, नुसतं सरकायचं, घाई केली तर स्लो होतो आणि थांबलो तरी स्लो होतो, ते बरोबर जमलं की पाणी आपल्याला धरत नाही. त्याच्यासाठी पोहते. मी तिला रोज पूलला सोडत होते आठ वर्षं, आणि हे मला माहीत नव्हतं. आजी थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "हे सांग त्या कोचला."

त्याच हिवाळ्यात तिचा उजवा गुडघा बिघडला. ब्रेस्टस्ट्रोकच्या मुलांना गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखणं नेहमीचंच, किकच तशी असते. सहा आठवडे किक बंद, मांड्यांमध्ये पुलबॉय (तरंगणारा फोमचा ठोकळा) धरून नुसतं हातांनी ओढायचं. अकरावीची मीट, जिच्यावर सगळ्यांचा डोळा असतो, तिथे ती गेल्या वर्षीपेक्षा दीड सेकंदाने मागे आली. दोन कोचनी उत्तरं देणं बंद केलं. म्हणजे रागावून वगैरे नाही, नुसतं थांबलं, आणि ते थांबणं नकारापेक्षा जास्त जीव खातं.

लेक म्हणाली, मी सगळ्यांना गुडघ्याचं कळवते. मी म्हटलं अजिबात नाही. आपलं दुखणं बाजारात मांडायचं नसतं, मुलगी बघायला येणाऱ्यांना आपण काय काय सांगत नाही, असं काहीतरी मी त्या तिरीमिरीत बोलून गेले, आणि बोलताना मलाच ऐकू आलं मी काय म्हणतेय ते. तिने माझं ऐकलं नाही. नऊ कोचना लिहिलं: गुडघा दुखावलाय, फिजिओ हे म्हणतोय, किक या तारखेला सुरू होईल, तोपर्यंत मी पुलवर, म्हणजे नुसत्या हातांनी ओढण्यावर, काम करतेय, हा माझा पुलचा टाइम. सात जणांकडून काही नाही. एकाने "बरी हो" लिहिलं. आणि पेन्सिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजच्या बाई, त्यांनी त्याच संध्याकाळी फोन केला.

लेक फोन घेऊन खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी जिन्यात बसले होते. शब्द कळत नव्हते, पण ती बोलत होती, तीच बोलत होती, आणि मधेच हसली. सत्तेचाळीस मिनिटं. बाहेर आल्यावर म्हणाली की त्या बाई स्वतः ब्रेस्टस्ट्रोक पोहायच्या आणि त्यांचा गुडघा दोनदा गेला होता, आणि त्यांनी विचारलं का पोहतेस.

पुढचं सगळं त्यामानाने सोपं गेलं. उन्हाळ्यात प्री-रीड झालं. सप्टेंबर २०२३ मध्ये ती व्हिजिटला गेली, रात्री टीमच्या मुलींबरोबर राहिली, मी मोटेलमध्ये जागी. क्लबच्या कोचने तिला एकच सांगून पाठवलं होतं, तिथे फिरताना असं धरून चाल की उद्या पोहणं कायमचं सुटलं, मग बघ हे कॉलेज तुला आवडतंय का. तिने तिथल्या मुलींना विचारलं की परीक्षेच्या आठवड्यात प्रॅक्टिस चुकली तर काय होतं, दुखापत झालेल्या मुलीला टीममध्ये कसं वागवतात, कोणी टीम सोडली का आणि का सोडली. मी असते तर डॉर्मच्या जेवणाचं विचारलं असतं. परत येताना गाडीत ती दोन तास झोपली, हायवेवर टोल आला तेव्हा उठली आणि म्हणाली, "आई, मला इथेच जायचंय." टाइम तोपर्यंत १:०६.२ वर आला होता, १५ जूनला ज्यांचे मेसेज यावेत म्हणून आम्ही जागलो होतो त्या मोठ्या टीमसाठी तो अजूनही पुरेसा नव्हता.

त्यानंतर या दुनियेत बरंच उलटंपालटं झालंय. जून २०२५ मध्ये कोर्टाने मोठा समझोता मंजूर केला, आता डिव्हिजन १ ची कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, स्कॉलरशिपची मर्यादा जाऊन टीममध्ये किती जण ठेवायचे त्याची मर्यादा आली, आणि काही ठिकाणी त्यात होती ती मुलंही बाहेर पडली. शिवाय ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) आहेच, हायस्कूलच्या मुलाला घेऊन दोन वर्षं घडवण्यापेक्षा दुसऱ्या कॉलेजातला तयार खेळाडू घेणं कोचला सोपं पडतं. म्हणजे वरच्या टीमचे दरवाजे आमच्या वेळेपेक्षाही अरुंद झालेत. आता जी मुलं दहावीत आहेत त्यांनी जास्त ठिकाणी लिहावं, लवकर लिहावं, आणि तोंडी "तू आमची" म्हणणाऱ्या कोचचं बोलणं सही होईपर्यंत बोलणंच समजावं.

भारतातूनही मला हल्ली मेसेज येतात, ठाण्याहून, नाशिकहून. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीकडून २००७ आणि २००८ ला एनसीएएचा सिंगल्स चॅम्पियन होता, तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटकडून उंच उडीत दोनदा जिंकला, त्यामुळे रस्ता आहे, फक्त नववीपासूनच्या मार्कशीट जपून ठेवा, बक्षिसाच्या पैशाचे नियम आधी वाचा, आणि बारावीनंतर ड्रॉप घेताना विचार करा, कारण ती वर्षं खेळण्याच्या वर्षांतून कापली जाऊ शकतात. पोहणाऱ्यांनी टाइमपुढे मीटर लिहायचं, इथे पूल २५ यार्डांचे असतात, आकडे जुळत नाहीत. आणि कृपा करून मेल मुलालाच लिहू द्या. इंग्लिश मोडकं असलं तरी चालेल. खरंच चालेल. मला मेसेज करणाऱ्या सगळ्या आया आहेत, एकही मूल नाही, आणि प्रत्येकीला मी हेच सांगते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये तिची पहिली कॉन्फरन्स चॅम्पियनशिप होती. संध्याकाळी सहाची फायनल म्हणजे पुण्यात पहाटेचे साडेचार. आई अंघोळ करून, शाल घेऊन, टॅबवर लाइव्ह लावून बसली होती, भाचा बाजूला. २०० ब्रेस्टला लेक अकरावी आली, आधीच्या टाइमपेक्षा जवळपास एक सेकंद कमी करून. तिने टॉवेल गुंडाळला आणि पूलच्या काठावरूनच आजीला फोन लावला, मी स्टँडमधून बघत होते, ओल्या केसांवर कॅप तशीच. नंतर मी आईला विचारलं, काय बोललात गं दोघी. नंबर, टाइम यातलं तिला काही कळलं नव्हतं. म्हणाली, "मी विचारलं, सरकायला मिळालं का? तर म्हणाली, तिसऱ्या लॅपला मिळालं, आजी."